मदत हवी आहे : आंब्यात साका निघाला, फेसबुकवर बदनामी सुरू आहे, ग्राहकाला जाहीर उत्तर कसं द्यावं?

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, साधारण १८० कलमं. सासऱ्यांच्या काळात सगळा माल वाशीला जायचा आणि दलालाची पट्टी येईल ती मुकाट्याने घ्यायची. गेली ६ वर्षं आम्ही निम्मा माल थेट पुण्या-मुंबईच्या घरी पाठवतो. फेसबुकचं पान, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एवढंच आमचं दुकान. जाहिरातीवर कधी पैसा घातला नाही, एकाने खाल्ला की तोच दुसऱ्याला सांगतो, असंच चाललं होतं.

पुण्याच्या एका ताईंनी अक्षय्य तृतीयेसाठी ४ डझनाच्या २ पेट्या घेतल्या. ९६ पैकी १७ आंब्यांत साका निघाला. पाहुणे बसलेले, आमरसासाठी आंबे कापायला घेतले आणि आत पांढरा, रबरासारखा गर. त्यांनी फोटो काढून खवय्यांच्या एका मोठ्या ग्रुपवर टाकला : ‘देवगड हापूसच्या नावाखाली कार्बाइडचे आंबे, सरळ फसवणूक.’ आमच्या पानावरही तेच लिहिलं.

पान माझा पुतण्या सांभाळतो. वय २२, तोडीच्या दिवसांत पहाटे ४ वाजता उठून बागेत असतो. त्याला ‘कार्बाइड’ हा शब्द फार लागला. त्याने उत्तर दिलं, ‘आमचा माल १००% अस्सल आहे, तुम्हालाच आढी लावता आली नसेल.’ (आढी म्हणजे कच्चे आंबे पेंढ्यात रचून पिकवणं.) मग ताईंशी झालेल्या व्हॉट्सॲप बोलण्याचा फोटो टाकला. त्यात त्यांचा नंबर दिसतोय. शेवटी त्यांची प्रतिक्रिया उडवली आणि त्यांना ब्लॉक केलं. त्यांच्याकडे या सगळ्याचे स्क्रीनशॉट होते, तेही ग्रुपवर आले. आज तिसरा दिवस. तिथे २०० च्या वर प्रतिक्रिया आहेत आणि आमच्या १४ ऑर्डरी रद्द झाल्या आहेत.

घरात तीन मतं आहेत. ह्यांना वकिलाकडून बदनामीची नोटीस पाठवायची आहे. पुतण्या म्हणतो, मित्रांकडून गुगलवर पाच ताऱ्यांचे ५० रिव्ह्यू टाकून घेतो. सासरे म्हणतात, गप्प बसा, लोक विसरतात. मला तिन्ही पटत नाहीत, पण करायचं काय तेही सुचत नाही. आम्ही कार्बाइडला कधीच हात लावलेला नाही हे मला सांगायचं आहे, आणि ताईंचा सण बिघडला हेही खरं आहे. दोन्ही एकदम कसं सांगायचं? सोमवारी पुढची तोड आहे, त्याआधी मार्ग हवा.

प्रतिसाद १

ताई, बाकी सगळं नंतर. आधी तो नंबर दिसणारा फोटो काढा. आत्ता, हे वाचता वाचता. मग ब्लॉक काढा.

प्रतिसाद २

मी ११ वर्षं कंपन्यांच्या सोशल मीडियावरच्या ग्राहकसेवेत काम करतो आहे, आधी एक बँक, आता घरगुती उपकरणं. आतून हे कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कुठलं उचलायचं ते ठरवता येईल.

मोठ्या कंपनीत तुमच्या नावाचा उल्लेख झाला की तो एका यादीत येऊन पडतो. त्याचं तिकीट होतं आणि पहिल्या उत्तराला किती मिनिटं लागली ते मोजलं जातं. म्हणूनच ‘झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, कृपया तपशील मेसेज करा’ हे उत्तर क्षणात येतं आणि पुढे काही होत नाही. मेसेजमध्ये बोलावण्यामागे कारण योग्य आहे, नंबर, पत्ता, ऑर्डर चारचौघांत येऊ नये. पण आत बोलावल्यावर काय ठरलं ते बाहेर कुणी सांगत नाही. बघणाऱ्या दोनशे जणांना वाटतं, गोड बोलून विषय मिटवला. तुम्ही बोलणं आत करा, निकाल बाहेर सांगा. आमच्या कामात याच एका गोष्टीची सर्वांत जास्त हेळसांड होते आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

गप्प बसण्याबद्दल. २००५ साली अमेरिकेत जेफ जार्विस नावाच्या पत्रकाराने नादुरुस्त डेल लॅपटॉपबद्दल आपल्या ब्लॉगवर लिहायला सुरुवात केली. कंपनी सुरुवातीला गप्प राहिली. तसाच अनुभव आलेले बाकीचे ग्राहक त्याच्याभोवती जमले आणि ‘डेल हेल’ हा शब्दच रूढ झाला. पुढच्या वर्षी डेलने ब्लॉगवर तक्रार करणाऱ्यांना शोधून स्वतःहून संपर्क करायला माणसं नेमली. लोक विसरतात हे बाजारात तोंडी झालेल्या भांडणाबाबत खरं असेल, तुमच्या पानाचं नाव शोधलं की ती पोस्ट पुढच्या हंगामातही वर येणार.

दुसरं उदाहरण तुमच्याच भागाशी नातं असलेलं. राजापूरचे खासदार राहिलेले सुरेश प्रभू नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते. चालत्या गाडीतून कुणी ट्विट करायचं, बाळाला दूध हवंय, डब्यात कुणी त्रास देतंय, आणि पुढच्या स्टेशनवर मदत हजर व्हायची. लोकांना ट्विटरचं कौतुक वाटलं. खरं काम होतं ते त्या खात्याशी विभागीय कार्यालयं जोडण्याचं. उत्तर देणाऱ्याच्या मागे पुढच्या स्टेशनवर प्रत्यक्ष हलणारा माणूस होता. तुमच्याकडे तो माणूस तुम्हीच आहात. बाग तुमची, पेटी तुमची, पैसे परत करायचा निर्णयही तुमचाच. माझ्यासारख्याला ५०० रुपये परत द्यायचे तर तीन जणांची परवानगी लागते.

तेव्हा क्रम असा ठेवा : आधी फोन, मग जाहीर उत्तर. आणि फोनवर ‘साका म्हणजे काय’ हे सांगू नका. त्यांनी विचारलं तरच.

प्रतिसाद ३

दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलो, आता रत्नागिरीत बागायतदारांबरोबरच काम करतो. फोटो पाहिला. गर कोयीच्या बाजूने पांढुरका आणि स्पंजासारखा आहे, मध्ये पोकळी आहे, बाकीची फोड केशरी आहे. हा साकाच. कार्बाइडने घाईत पिकवलेला आंबा वरून एकसारखा पिवळा होतो आणि आत कच्चा, आंबट राहतो, वासही येत नाही. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की कुणालाही कळेल.

पण ग्राहकाची चूक धरू नका. बाहेरून देखणा, डाग नसलेला आंबा कापल्यावर आत खराब निघतो, हेच साक्याचं दुखणं आहे. पेटी भरताना आपल्याला दिसत नाही, मग पुण्यातल्या माणसाला कसं कळावं? झाडावर जास्त दिवस राहून पूर्ण तयार झालेल्या फळात, जमिनीची धग लागते तिथे, आणि तोडलेले आंबे उन्हात तापलेल्या कातळावर पडून राहिले की साका वाढतो. फळ सोळापैकी १४ आणे तयार असतानाच उतरवा, सकाळी तोड करा, क्रेट सावलीत ठेवा, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन करा. तरी हापूसमध्ये तो शून्यावर येत नाही. कार्बाइडवर अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदीच आहे, ठरावीक प्रमाणात इथिलीन वायू चालतो. तुम्ही तर कच्चा आंबा पेंढ्यात घालून पाठवता, मग कार्बाइडचा प्रश्नच कुठे येतो? हे लिहा, पण माफीनंतर.

खरं तर हे हंगामाआधीच पानावर असायला हवं होतं. आपण बागायतदार साक्याबद्दल आपसांत रोज बोलतो, ग्राहकापासून मात्र लपवतो. मग तो कापल्यावर फसवणूक वाटते.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. फोटो काढला, ब्लॉक काढलं. प्रतिसाद ३, तुमचं शेवटचं वाक्य वाचून बराच वेळ बसून होते. खरंच आहे, आम्ही ते सांगत नाही, ऑर्डर जाईल या भीतीने.

नोटीस आणि रिव्ह्यूचं काय? ह्यांचा राग अजून तसाच आहे.

प्रतिसाद ४

वकील आहे, ग्राहक आयोगापुढे दोन्ही बाजूंनी उभी राहते.

नोटीस नको. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, पण ९६ तले १७ आंबे खरोखर खराब होते. ‘कार्बाइड’ हा त्यांचा समज चुकीचा, अनुभव खरा. नोटीस गेली की तिचाही फोटो त्याच ग्रुपवर येईल, आणि ताई १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा थेट जिल्हा आयोगात गेल्या तर तुमच्या पुतण्याची उत्तरं त्यांच्या बाजूचा पुरावा होतील. मालासाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फीसुद्धा लागत नाही.

खोटे रिव्ह्यू तर अजिबात नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. ते आणलं तेव्हा ऐच्छिक होतं, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली खोटी स्तुती ही अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते, आणि गुगलच्या स्वतःच्या नियमांतही ती चालत नाही. आंबा न खाल्लेल्या ५० जणांनी एकाच संध्याकाळी ‘अप्रतिम चव’ लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं. तुमच्या ६ वर्षांच्या खऱ्या ग्राहकांचा विश्वास त्यात जाईल. त्यांना ‘तुमचा अनुभव लिहा’ एवढं सांगू शकता, चांगलंच लिहा असं नाही.

मोजपट्टी हवी असेल तर : २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ४८ तासांत तक्रारीची पोच आणि १ महिन्यात निवारण असं आहे. तुम्ही एवढ्या मोठ्या नसलात तरी ४८ तास हा आकडा भिंतीवर लावा.

प्रतिसाद ५

पैसे परत देताना एक सांगतो. आम्ही चिकू, काजू विकतो. एका वर्षी ‘तक्रार असेल तर पूर्ण पैसे परत’ असं लिहिलं, तर पेटी रिकामी झाल्यावरही मेसेज यायला लागले. कापलेल्या फळाचा फोटो, पेटी मिळाल्यापासून १२ दिवसांत, आणि जेवढी फळं खराब तेवढ्यांचे पैसे. एवढं स्पष्ट असावं.

प्रतिसाद २ (पुन्हा)

प्रतिसाद ५ शी पुढच्या ऑर्डरींसाठी सहमत, या ताईंसाठी नाही. इथे आंब्याबरोबर त्यांना खोटं ठरवलं गेलं आहे, ते १७ आंब्यांच्या हिशेबात भरून निघणार नाही.

जाहीर उत्तराचा मसुदा देतो, तुमच्या शब्दांत बदला :

‘नमस्कार. आमच्याकडून घेतलेल्या ९६ आंब्यांपैकी १७ खराब निघाले. सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर तुमच्यावर ही वेळ आली याबद्दल माफ करा. तुम्ही सांगितलं तेव्हा आम्ही ऐकून घ्यायला हवं होतं. उलट तुम्हालाच दोष दिला, तुमची प्रतिक्रिया काढली, तुमचा नंबर दिसेल असा फोटो टाकला. ही चूक आमची आहे. फोटो काढला आहे, ब्लॉक काढलं आहे. आंब्यांचे पैसे आज परत केले. फोटोतला दोष साक्याचा आहे, आम्ही कार्बाइड वापरत नाही. साका कशाने होतो आणि तो निघाला तर आम्ही काय करतो, ते आमच्या पानावर लिहून ठेवलं आहे.’

‘जर गैरसोय झाली असेल तर’ असलं काही घालू नका. झाली आहे. आणि हे ग्रुपवर टाकण्याआधी ग्रुपच्या ॲडमिनला विचारा, बऱ्याच ग्रुपांत विक्रेत्यांना लिहायची मुभा नसते. खाली कुणी चिडून बोललं तर दर प्रतिक्रियेला उत्तर देत बसू नका. नवा प्रश्न असेल तिथेच बोला.

प्रतिसाद ६

पुतण्याला रागावू नका, ताई. पहाटे ४ पासून राबलेल्या पोराला रात्री कुणी भेसळखोर म्हटलं तर त्याच्या हातून असंच उत्तर जाणार. आमच्या दुकानात नियम आहे, तक्रारीचं उत्तर लिहिणारा एक आणि पाठवणारा दुसरा.

धागाकर्ती

काल संध्याकाळी फोन केला. मी बोलणार होते, पण पुतण्या म्हणाला, मी बिघडवलंय, मीच बोलतो. ताई पहिली पाच मिनिटं फक्त बोलत होत्या, तो ऐकत होता. पैशांचा विषय त्यांनी काढलाच नाही. त्यांचं एकच म्हणणं, ‘मी खोटं बोलते असं तुम्हाला का वाटलं?’ त्याला उत्तर देता येईना, त्याने माफी मागितली. मग त्यांनीच विचारलं, तो पांढरा गर असतो तरी काय? त्याने सांगितलं. त्यांना हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

ॲडमिनची परवानगी घेऊन रात्री उत्तर टाकलं. ताईंनी मूळ पोस्ट ठेवली आहे, वर दोन ओळी लिहिल्या : कार्बाइड नाही, साका होता, विक्रेत्याने माफी मागून पैसे परत केले. पोस्ट काढा असं आम्ही म्हटलं नाही. १४ पैकी ३ ऑर्डरी परत आल्या. बाकीच्यांना मी एकेक करून फोन करते आहे.

सासऱ्यांनी साक्याची पोस्ट वाचली. म्हणाले, हे लिहून ठेवलंस तर गिऱ्हाईक घेईल का? मला माहीत नाही, पण पोस्ट पानावर सगळ्यात वर लावली आहे, कापलेल्या दोन्ही आंब्यांच्या फोटोंसकट.

आता शेवटची मदत. व्हॉट्सॲपवर रोज ६०-७० मेसेज येतात आणि तोडीच्या वेळी कुणाचा फोन हातात नसतो. काय करता तुम्ही?

प्रतिसाद ५

व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे. त्यात लेबलं लावता येतात : नवी ऑर्डर, पैसे आले, पेटी निघाली, तक्रार. तक्रारीचं लाल ठेवा आणि दुपारी जेवायच्या आधी तेवढंच उघडा. तोडीच्या वेळेसाठी आपोआप जाणारा मेसेज लावा, पण त्यात वेळ सांगा : ‘आम्ही बागेत आहोत, दुपारी २ नंतर उत्तर देऊ.’ आणि २ वाजता खरंच द्या. आढी कशी लावायची, आंबा कधी कापायचा, ही उत्तरं तयार ठेवून एका टिचकीत पाठवता येतात. तक्रारीला मात्र तयार उत्तर पाठवू नका, तिथे हाताने लिहा.

धागाकर्ती

आजच बसवून घेते. आढीचं उत्तर सासऱ्यांकडून लिहून घेणार आहे, त्यांच्यासारखी आढी आमच्यात कुणाला जमत नाही.