ऑटो-स्केलिंगवर भिस्त ठेवावी, की क्षमता आधीच उभी करून ठेवावी? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

पाणवठा

क्लाउडवर सेवा चालवणाऱ्या अनेक चमूंमध्ये एक समजूत घट्ट रुजलेली दिसते. पुढे विनंत्या सर्व्हरमध्ये वाटून देणारा लोड बॅलन्सर ठेवला, मागे व्हर्च्युअल मशीनचा (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचा) ऑटो-स्केलिंग, म्हणजे संख्या आपोआप कमी-जास्त होणारा, गट बांधला आणि सीपीयूचा (प्रोसेसरचा) वापर ६० टक्क्यांवर गेला की सर्व्हर वाढावेत अशी सोय केली, म्हणजे गर्दीची काळजी मिटली, असे गृहीत धरले जाते. माझे मत याच्या विरुद्ध आहे. ज्या सेवेवर गर्दी हळूहळू न चढता एकदम कोसळते, त्या सेवेने मोजमाप पाहून मागाहून सर्व्हर वाढवणाऱ्या यंत्रणेवर विसंबू नये; लागणारी क्षमता आधी तपासून घ्यावी आणि गर्दी येण्यापूर्वी ती उभी असावी.

हिशेब करून पाहा. अ‍ॅमेझॉनच्या ईसी२ या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या सेवेत साधी देखरेख दर ५ मिनिटांनी आकडा देते. जादा पैसे मोजून ती दर मिनिटाची करून घेता येते. मोजमाप ठरलेल्या पातळीवर राखणाऱ्या टार्गेट ट्रॅकिंग पद्धतीत आकडा साधारण सलग ३ मिनिटे वर राहिला तरच सर्व्हर वाढवण्याचा अलार्म वाजतो. मग नवे मशीन मागवले जाते, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होते, आणि जावासारख्या भाषेतले अ‍ॅप्लिकेशन असेल तर ते सुरू होऊन, कॅशे (वारंवार लागणाऱ्या माहितीचा जवळचा साठा) भरून, कामाला लागेपर्यंत आणखी २-३ मिनिटे सहज जातात. त्यानंतर लोड बॅलन्सरचा हेल्थ चेक (सर्व्हर ठीक आहे का याची तपासणी) किमान एकदा यशस्वी व्हावा लागतो, आणि मूळ मांडणीत तो दर ३० सेकंदांनी होतो. म्हणजे सगळे सुरळीत चालले तरी पहिली मदत ६-७ मिनिटांनी पोचते. दहावीचा निकाल दुपारी १ वाजता जाहीर होतो, तेव्हा १५ लाखांच्या आसपास विद्यार्थी आणि त्यांच्या घरची माणसे त्याच मिनिटाला निकालाचे पान उघडतात. त्या ७ मिनिटांत जे व्हायचे ते होऊन जाते.

भारतातले सर्वांत मोठे उदाहरण हॉटस्टारचे आहे. जुलै २०१९ मध्ये भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामना एकाच वेळी २.५३ कोटी लोक तिथे पाहत होते. त्यांच्या अभियंत्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले की क्लाउडचे तयार ऑटो-स्केलिंग त्यांनी वापरले नाही, कारण ऐन वेळी हव्या त्या प्रकारची मशीन मिळतीलच असे नसते आणि मिळाली तरी टप्प्याटप्प्याने मिळतात. त्यांनी अपेक्षित प्रेक्षकसंख्येनुसार पायऱ्या ठरवल्या आणि प्रत्येक पायरी गाठण्याच्या आधी सर्व्हर वाढवले. धोनी बाद झाल्यावर लाखो प्रेक्षक सामना बंद करून एकाच वेळी अ‍ॅपच्या मुख्य पानावर येतात. व्हिडिओवरचा भार उतरतो आणि तोपर्यंत निवांत असलेल्या मुख्य पानाच्या सेवांवर सगळा जमाव येऊन पडतो. ही उसळी सीपीयूच्या आलेखावर दिसेपर्यंत वाट पाहणे कोणालाही परवडणारे नाही.

रात्रपाळी

पाणवठा यांचा हिशेब बरोबर आहे, परंतु त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. वेळ ठरवून सर्व्हर वाढवणे हासुद्धा ऑटो-स्केलिंगचाच एक प्रकार आहे. निकाल १ वाजता लागणार हे ठाऊक असेल तर १२ वाजता गटाची किमान संख्या वाढवण्याचे वेळापत्रक लावता येते आणि संध्याकाळी ती आपोआप खाली आणता येते. हॉटस्टारनेसुद्धा स्वयंचलन नाकारलेले नाही. तयार साधन अपुरे पडले म्हणून त्यांनी स्वतःचे बांधले. तसे साधन बांधण्याइतके मनुष्यबळ आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

शिवाय सुरू होण्याचा वेळ कमी करण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. अ‍ॅप्लिकेशन आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी आधीच भरलेली मशीन-प्रतिमा (नव्या मशीनचा साचा) तयार ठेवली तर नवे मशीन उठल्यावर काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. अ‍ॅमेझॉनने २०२१ मध्ये वॉर्म पूलची सोय दिली, तीत मशीन एकदा सुरू करून, सगळी तयारी उरकून, थांबवून ठेवता येते; थांबलेल्या काळात त्याच्या डिस्कचे भाडे पडते, प्रोसेसरचे पडत नाही.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळाच आहे. ज्यांनी रात्रीची पाळी केली आहे त्यांना ऑटो-स्केलिंग गटाचा खरा उपयोग गर्दीच्या दिवशी दिसत नाही, तो एखाद्या साध्या मंगळवारी पहाटे ३ वाजता दिसतो. एका मशीनची डिस्क भरते किंवा मेमरी संपते, हेल्थ चेक दोनदा नापास होतो, लोड बॅलन्सर त्या मशीनकडे विनंत्या पाठवणे थांबवतो, गट ते मशीन काढून टाकून दुसरे उभे करतो, आणि ड्यूटीवरच्या माणसाला सकाळी फक्त नोंद वाचायला मिळते. किमान आणि कमाल संख्या एकच ठेवली, म्हणजे वाढ-घट अजिबात होऊ दिली नाही, तरी हा फायदा मिळतो. तो सोडून द्यायला सांगणे म्हणजे पुन्हा माणसाला झोपेतून उठवणे आहे.

सरळरेघ

मी पाणवठा यांच्याही एक पाऊल पुढे जातो. या चर्चेत सर्व्हर वाढवल्याने क्षमता वाढते हे दोन्ही बाजूंनी धरूनच चालले आहे. बहुतेक मध्यम आकाराच्या सेवांमध्ये ते खरे नसते, कारण सगळ्या सर्व्हरच्या मागे डेटाबेस एकच असतो.

एक नेहमी आढळणारी मांडणी घ्या. पोस्टग्रेस डेटाबेसची कनेक्शनची मूळ मर्यादा १०० असते आणि त्यातली ३ प्रशासकासाठी राखीव असतात. अ‍ॅप्लिकेशनच्या प्रत्येक सर्व्हरवर २० कनेक्शनचा संच ठेवलेला आहे. चार सर्व्हर असतात तेव्हा ८० कनेक्शन लागतात आणि सगळे ठीक चालते. गर्दी वाढते, ऑटो-स्केलिंग पाचवा सर्व्हर आणते आणि त्याला १७ कनेक्शन मिळतात. सहावा येतो, त्याला एकही मिळत नाही. आता हेल्थ चेकचे पान डेटाबेसला एक लहानशी क्वेरी (विचारणा) करून उत्तर देणारे असेल, आणि उत्साही चमू ते तसेच लिहितात, तर सहावा सर्व्हर हेल्थ चेकमध्ये नापास होतो. गट त्याला काढून टाकतो आणि त्याच्या जागी नवा आणतो. तोही नापास होतो. इकडे आधीचे पाच सर्व्हर डेटाबेसवर अधिकाधिक क्वेरी टाकत असतात, डेटाबेस मंदावतो, त्यांचेही हेल्थ चेक वेळेत उत्तर देईनासे होतात, आणि काम करत असलेले सर्व्हरसुद्धा काढून टाकले जाऊ लागतात. गर्दीला तोंड देण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेनेच सेवा पाडलेली असते.

पीजीबाउन्सरसारखा कनेक्शन वाटून देणारा मध्यस्थ बसवला तर कनेक्शनची अडचण सुटते, क्वेरीचा भार तेवढाच राहतो. म्हणून माझा सल्ला असा की आधी सर्वांत अरुंद जागा शोधावी आणि ती रुंद करावी. पुष्कळदा एक मोठा डेटाबेस-सर्व्हर, त्याच्या वाचनासाठी एक प्रत, आणि पुढे कॅशे एवढ्याने काम भागते. बेसकॅम्प हे प्रकल्प-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या ३७सिग्नल्स कंपनीचे क्लाउडचे २०२२ सालचे बिल सुमारे ३२ लाख डॉलर होते. त्यांनी स्वतःचे सर्व्हर विकत घेतले आणि २०२३ मध्ये आपली अ‍ॅप्लिकेशन क्लाउडबाहेर नेली. ज्याचा भार वर्षभर जवळपास सारखा असतो त्याने लवचीकतेचे पैसे का मोजावेत?

भरतीओहोटी

सरळरेघ यांनी दाखवलेली साखळी खरी आहे, पण दोष ऑटो-स्केलिंगचा आहे असे मला वाटत नाही. चुकीची गोष्ट मोजली जाते, हा दोष आहे.

४ जानेवारी २०२१ रोजी स्लॅक या कार्यालयीन संदेशांच्या अ‍ॅपची सेवा बंद पडली, त्याचा वृत्तान्त कंपनीने स्वतः प्रसिद्ध केला आहे आणि तो या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने मुळातून वाचावा. नाताळच्या सुट्टीनंतरचा तो पहिला कामाचा दिवस होता. अ‍ॅमेझॉनच्या नेटवर्कचे भाग एकमेकांना जोडणारा ट्रान्झिट गेटवे वाढत्या रहदारीच्या वेगाने मोठा झाला नाही आणि पॅकेट (माहितीचे तुकडे) गळू लागली. सर्व्हरचे थ्रेड (एकेक काम हाताळणारे धागे) मागच्या सेवांच्या उत्तरांची वाट पाहत बसून राहिले, त्यामुळे सीपीयूचा वापर घसरला, आणि सीपीयू पाहणाऱ्या ऑटो-स्केलिंगने काम कमी झाले असे समजून काही सर्व्हर काढून टाकले. पुढे कामात अडकलेल्या थ्रेडची संख्या पाहून तीच यंत्रणा उलट दिशेने धावली आणि सकाळी ७:०१ ते ७:१५ या वेळात तिने १,२०० सर्व्हर वाढवण्याचा प्रयत्न केला. सर्व्हर तयार करणारी अंतर्गत सेवा एवढ्या मागणीपुढे कोलमडली. लिनक्सची उघड्या फाइलींची मर्यादा आणि अ‍ॅमेझॉनचा कोटा या दोन्हींवर ती अडली. ज्या डॅशबोर्डवर हे दिसायला हवे होते तेही त्याच गेटवेपलीकडे असल्याने उघडत नव्हते.

यातून मी घेतलेला धडा असा की सीपीयू हे गर्दीचे मोजमापच नव्हे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे थेट लागू पडतो: येणाऱ्या विनंत्यांचा वेग गुणिले एका विनंतीला लागणारा वेळ म्हणजे एका क्षणी हातात असलेल्या विनंत्या. दर सेकंदाला २०० विनंत्या येत असतील आणि प्रत्येकीला पाव सेकंद लागत असेल तर ५० विनंत्या हातात असतात. डेटाबेस मंदावून तोच वेळ २ सेकंदांवर गेला तर ४०० होतात, आणि सीपीयू जागचा हलतही नाही. म्हणून प्रत्येक सर्व्हरच्या हातात किती विनंत्या आहेत आणि रांगेत किती थांबल्या आहेत हे मोजावे, आणि त्याच्या शेजारी डेटाबेसचा प्रतिसादकाळ ठेवावा. हातातल्या विनंत्या वाढत आहेत आणि डेटाबेसही मंद आहे असे दोन्ही दिसले तर सर्व्हर वाढवणे थांबवून काही विनंत्या दारातच परत पाठवाव्यात. हेल्थ चेकमध्ये डेटाबेस गुंतवू नये; त्याची देखरेख वेगळी ठेवावी.

पाणवठा

रात्रपाळी यांचा आपोआप बदली सर्व्हर आणण्याचा मुद्दा मला मान्य आहे. किमान आणि कमाल संख्या सारखीच ठेवून गट वापरावा, हे माझ्या भूमिकेत बसतेच.

भरतीओहोटी यांना मात्र एक प्रश्न विचारावासा वाटतो. मोजमाप योग्य निवडले, पण मोजमाप पोचवणारी यंत्रणाच बंद पडली तर काय? २५ नोव्हेंबर २०२० रोजी अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातील विभागात किनेसिस या माहितीचे प्रवाह हाताळणाऱ्या सेवेत थोडी क्षमता वाढवली गेली. तिच्या पुढच्या फळीतला प्रत्येक सर्व्हर इतर प्रत्येक सर्व्हरसाठी एक थ्रेड ठेवत असे, त्यामुळे नव्या सर्व्हरमुळे सगळ्याच सर्व्हरवर थ्रेडची मर्यादा ओलांडली गेली. देखरेखीचे आकडे पुरवणारी क्लाउडवॉच सेवा किनेसिसवर अवलंबून असल्याने आकडे पोचेनासे झाले आणि त्या आकड्यांवर चालणारे ऑटो-स्केलिंगही रखडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच विभागात डायनॅमोडीबी या डेटाबेस-सेवेच्या डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) नोंदी बिघडल्या, तेव्हा नवी ईसी२ मशीन सुरू करणे कित्येक तास कठीण झाले होते. आधीपासून चालू असलेली मशीन मात्र चालूच राहिली. अशा दिवशी हाताशी असते ते फक्त आधी उभे केलेले.

म्हणून मी असे सांगेन की साध्या दिवसाच्या शिखराला ६ सर्व्हर लागत असतील तर तीन झोनमध्ये (विभागातल्या एकमेकांपासून वेगळ्या डेटासेंटरांमध्ये) प्रत्येकी ३ असे ९ सर्व्हर कायम चालू ठेवावेत. एक झोन पूर्ण गेला तरी ६ उरतात आणि काहीही नवे मागवावे लागत नाही. मुंबईचा विभाग २०१६ मध्ये दोन झोनवर सुरू झाला होता, तेव्हा याच सुरक्षिततेसाठी १२ लागले असते. आता तिथे तीन झोन आहेत, त्यामुळे खर्चाची सबब पूर्वीपेक्षा लंगडी झाली आहे.

रात्रपाळी

खर्चाची बाजू सबब म्हणून मोडीत काढणे मला पटत नाही. ज्या संस्थेचे प्रवेश अर्ज वर्षातून तीन आठवडे भरले जातात, तिने उरलेले ४९ आठवडे ९ सर्व्हर चालू ठेवावेत असे सांगणे म्हणजे तिला क्लाउडवर येऊच नका असे सांगणे आहे. अशा संस्थेला तीन झोनमध्ये एकेक सर्व्हर, प्रवेशाच्या तीन आठवड्यांसाठी वेळापत्रकाने ९, आणि त्यावरची अनपेक्षित वाढ हातातल्या विनंत्यांच्या मोजमापावर, ही मांडणी झेपते. ऑक्टोबर २०२५ सारखा दिवस नेमका त्या तीन आठवड्यांत आला तरी ९ सर्व्हर आधीच चालू असतील.

सरळरेघ यांचा कनेक्शनचा हिशेब मी मात्र जसाच्या तसा घेतो. कमाल संख्या १० किंवा २० अशी गोल आकड्यांत भरण्याची सवय सगळीकडे आहे, ती मोडायला हवी. डेटाबेसची मर्यादा ९७ आणि प्रत्येक सर्व्हरचा संच २० असेल तर कमाल संख्या ४ लिहावी. माझ्या मांडणीतल्या ९ सर्व्हरसाठी संच आधी १० वर आणावा, आणि त्या संचासह भारचाचणी घेतल्याशिवाय वेळापत्रकात ९ हा आकडा भरू नये.