मोबाइल, गेम आणि अभ्यास: तुमच्या घरात काय घडलं?

‘मुलांना मोबाइल द्यावा का’ हा वाद आता पुरे, तो घरात येऊन बसलेलाच आहे. इथे फक्त घडलेलं लिहा. मूल कितवीत आहे, कोणतं ॲप किंवा गेम, आणि त्यातून नक्की काय पदरात पडलं. काहीच पडलं नसेल तर तेही. सुरुवात मीच करते.

नाशिक, मुलगी पाचवीत

आधी आमच्याकडे पाढ्यांचं एक ॲप होतं. बरोबर उत्तराला तारा, ताऱ्यांची पेटी भरली की टोपी घातलेलं अस्वल. चुकलं तर काहीच जात नाही. हे ध्यानात आल्यावर बाईसाहेब चारही पर्यायांवर पटापट बोट मारायला लागल्या. अस्वलांचा कळप जमला, पण ‘सात आठे?’ विचारलं की नजर छताकडे.

मग स्क्रॅच आलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या मंडळींनी २००७ साली मुलांसाठी खुलं केलेलं, फुकट. सूचनांचे ठोकळे जोडून आपला गेम आपणच बनवायचा. पडद्याच्या मधोमध शून्य, उजवीकडे २४०, डावीकडे उणे २४०, वर १८०, खाली उणे १८०. पूर्णांक संख्या पुस्तकात सहावीला येतात. पण त्यातलं मांजर खाली जमिनीवर उभं करायचं तर उणे १५० लिहावंच लागतं, त्यामुळे ऋण संख्या तिला कधी ‘धडा’ म्हणून भेटल्याच नाहीत.

खरी मजा उडीत होती. मांजराचा वेग ठेवला १२. दर खेपेला तेवढं वर सरकायचं आणि वेगातून १ वजा करायचा. म्हणजे १२, ११, १० करत १, मग शून्य, मग उणे, आणि मांजर आपोआप खाली. उडी भरली ७८. तिला दुप्पट उंच हवी होती म्हणून वेग २४ केला, तर उडी ३००! ‘आई, हे बिघडलंय. १५६ यायला हवं होतं.’ मी गप्प बसले (हे फार अवघड जातं). तिने वहीत दोन्ही बेरजा मांडल्या, मग वेग ६ करून पाहिला. २१ आले. ४८ केल्यावर मांजर वरच्या कडेला जाऊन अडकलं. २१, ७८, ३००. ‘दर वेळी जवळजवळ चौपट होतंय.’ वेग दुप्पट तर उंची चौपट, हे मी अकरावीत सूत्र म्हणून घोकलं होतं. का, ते विचारायचं तेव्हा सुचलंही नव्हतं.

सनीवेल, कॅलिफोर्निया, मुलगा तेरा वर्षांचा

आमच्याकडे माइनक्राफ्ट, ठोकळे रचून बांधकाम करायचा गेम. सुट्टीत रायगड पाहून आल्यावर चिरंजीवांनी गड बांधायला घेतला. त्यातला एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर. तटबंदी १०० मीटर लांब, १० उंच, ३ जाड धरली तर ३००० ठोकळे. पण ठोकळे ६४च्या थप्पीत मावतात आणि एका पेटीत २७ थप्प्या, म्हणजे १७२८. दोन पेट्या लागणार हे त्याने बोलता बोलता सांगितलं. शाळेत भागाकाराला कंटाळणारं हेच पोर.

माझे बाबा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर गड बघत होते. म्हणाले, ‘अरे, महादरवाजा लांबून दिसतोय कसा? तो दोन बुरुजांच्या आड हवा, वळण घेऊन यायचं. सरळ आलास तर हत्ती धडक देणार नाही का?’ झालं, सगळा दरवाजा पाडला. आता आजोबा-नातवाचा दर रविवारी दरवाजाच्या या आडोशाच्या, गोमुखी रचनेवर वाद चालतो, मोडक्या मराठीत का होईना. मराठी शाळेच्या वर्गाला तो अजूनही नाक मुरडतो.

नागपूर, मुलगा सातवीत

२०२५ मध्ये आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि घरोघरी पट बाहेर निघाले. आमचा लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर खेळतो. फुकट, जाहिरात नाही. पण एक-एक मिनिटाचे डाव एकामागून एक, त्यात डोकं कुठे चालतं? सरांनी अट घातली, कमीत कमी पंधरा मिनिटांचा डाव आणि हरलेला डाव वहीत उतरवायचा. संगणकाने चूक दाखवायच्या आधी स्वतः शोधायची. खेळ निम्म्याहून कमी झाला, रडारड वाढली. वही मात्र भरत्येय.

सांगली जिल्हा, दोन मुलं, चौथी आणि आठवी

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला लागले. दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. ते ऐकून आम्ही भावकीतल्या घरांनी हेच ठरवलं. भोंगा नाही, आमच्या आत्या ओरडतात, तेवढं पुरतं. अडचण वेगळीच. थोरल्याचा गृहपाठ शाळेकडून व्हॉट्सॲपवर येतो, तोही बरोबर त्याच वेळेला! आता धाकटी भावजय तिच्या फोनवर बघून तो कागदावर लिहून देते. पोरांपेक्षा आम्हालाच ते दीड तास जड जातात, हे सांगायला हरकत नाही.

हिंगोली जिल्हा, स्वतः शिक्षक, मुलगी दुसरीत

वरचं वाचून थोडी असूया वाटली. आमच्या वर्गातल्या बहुतेक घरांत एकच स्मार्टफोन, आणि तो बापाच्या खिशात शेतावर. परितेवाडीच्या डिसले गुरुजींमुळे क्यूआर कोडचं नाव झालं, बालभारतीच्या पुस्तकात फोनने टिपला की व्हिडिओ उघडणारे कोड आले, अभ्यासाचं सरकारी दीक्षा ॲप आहे. सगळं चांगलं. पण रात्री आठला फोन घरी येतो तेव्हा पोरगं झोपेला आलेलं असतं आणि डेटा संपलेला असतो. मी व्हिडिओ आधी उतरवून वर्गात दाखवतो. माझ्या मुलीला घरी टॅब आहे, वर्गातल्या मुलांना नाही. दोघांना एकच स्वाध्याय देताना हे डोक्यात राहतंच.

शाळेत एक जुना लॅपटॉप आहे. नाशिकच्या ताईंनी लिहिलेलं ते मांजराचं नेटशिवाय चालेल का?

नाशिक

चालेल, सर. स्क्रॅचची ऑफलाइन आवृत्तीही फुकट आहे. एकदा बसवली की नेट लागत नाही. मात्र लॅपटॉप किती जुना आहे ते कळवा, फारच जुन्या विंडोजवर नवी आवृत्ती बसत नाही. मुलं जास्त असतील तर एकाने ठोकळे जोडायचे आणि बाकीच्यांनी वहीत आधी आकडे मांडायचे, असं करून बघा. लेकीने उडीची फाईल द्यायचं कबूल केलंय, फक्त तिला आधी मांजराला टोपी घालायची आहे.