दुसरी सही झालीच नाही, मुलीच्या पोटगीचं काय?

पेडण्याची_एक
नाव लिहीत नाही, पेडणे तालुका एवढं पुरे. माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. तिचे वडील क्रूझ बोटीवर किचनमध्ये कामाला. म्हापशाला भाड्याच्या खोलीत आम्ही दीड वर्ष एकत्र राहिलो. एका सुट्टीत रजिस्ट्रारकडे जाऊन पहिली सही केली. दुसरी व्हायच्या आधी त्याला जॉइनिंगचा फोन आला, म्हणाला पुढच्या सुट्टीत करू. पुढच्या सुट्टीत तो विमानतळावरून सरळ त्याच्या आईकडे गेला.

गोव्याबाहेरच्यांना सांगते, आमच्याकडे पहिल्या सहीने नुसता इरादा नोंदतात. मध्ये हरकतींसाठी दिवस जातात, मग दुसरी सही. ती झाली नाही तर देवळात हार घालून गावजेवण दिलं तरी कायद्याने लग्न नाही.

चवथीला पाच हजार पाठवले, त्यानंतर मला ब्लॉक केलं. त्याची आई म्हणते, सही नाही तर पोर आमचं नाही. जन्मदाखल्यावर वडिलांचा रकाना रिकामा आहे. खिडकीपाशी मागे रांग होती, मला तेव्हा काही सुचलंच नाही. मी औषधाच्या दुकानात काम करते, पगार चौदा हजार. मला स्वतःसाठी काही नको. मुलीला मिळेल का? आणि माणूस समुद्रावर असताना कुठल्या कोर्टात जायचं?

बार्देशकर७
लग्नच नाही तर पोटगी कसली? चार जाणत्यांना बसवून मिटवा. कोर्टात चपला झिजतील.

जुना_शिरस्तेदार
बार्देशकर, माहीत नसेल तर निदान घाबरवू तरी नका.

बाय, मी ३१ वर्षं कोर्टात कारकुनी केली, तेव्हा ऐक. पूर्वी कलम १२५ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. बापाची ऐपत असून तो पोसत नसेल तर मुलासाठी दरमहा रक्कम ठरवून मिळते, आईबापाचं लग्न झालेलं असो वा नसो. धर्माचाही प्रश्न नाही. तू स्वतःसाठी मागितलंस तर ‘पत्नी आहे की नाही’ यावर तारखा पडत राहतील. मुलीच्या अर्जात तो वादच नाही. म्हणून अर्ज मुलीच्या नावाने, तू पालक म्हणून कर.

कोर्ट न्यायदंडाधिकाऱ्यांचं, जेएमएफसी म्हणतात ते. लग्न न झालेल्या आईसोबत तो शेवटचा जिथे राहिला तिथे अर्ज चालतो, असं पुढच्याच कलमात लिहिलंय. म्हणजे म्हापसा. तो बोटीवर आहे म्हणून अडत नाही.

आता पुरावा. तुझी ती अर्धवट राहिलेली पहिली सही रद्दी समजू नकोस. दोघांची नावं, तारीख, त्याची सही, सगळं सरकारी दप्तरात आहे. तिची नक्कल काढ. तो मूल नाकारेल तर डीएनए चाचणी मागता येते. कारण नसताना चाचणी टाळणाऱ्या माणसाबद्दल कोर्टाला काय समजायचं ते समजतं.

आणि थांबू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. अर्ज लांबवलास तर तेवढे महिने तुझेच बुडाले.

डिचोलीची_आई
माझं असंच होतं, फक्त माझा आखातात. वकिलाच्या फीची काळजी करू नको. बाईमाणसाला मिळकत न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, १५१०० ला फोन कर. दोन्ही बाजूंना आपापल्या कमाईचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बोटीवरच्याचा पगार बँकेत येतो, तो लपवणं कठीण. तू दूध, डायपर, डॉक्टर, पाळणाघर यांची बिलं एका बिस्किटाच्या डब्यात टाकत जा. मी तेच केलं, वकीलबाई डबा बघून हसल्या, पण प्रत्येक चिठ्ठी लागली. अंतरिम पोटगीचा, म्हणजे मुख्य निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा, अर्ज सोबतच घाल. त्या अर्जावर नोटीस पोचल्यापासून ६० दिवसांत शक्यतो निकाल द्यायचा असं कायदा म्हणतो. माझ्या वेळी पाच महिने लागले, तेव्हा दिवस मोजत बसू नको.

एक सांगून ठेवते. अर्जात मुलासाठी ‘अनौरस’ असा शब्द येईल. तो टाइप केलेला बघून मी बाकावर बसून रडले होते. तो कागदावरचा शब्द आहे, कागदावरच राहू दे.

हुकूम झाल्यावरही माझ्याने तीन महिने काही भरलं नाही. मग वसुलीचा अर्ज घातला. थकलेली रक्कम वर्षाच्या आत मागावी लागते, हे विसरू नको. प्रत्येक महिन्याच्या थकबाकीला महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. तो सुट्टीवर आला तेव्हा वॉरंट घरी पोचलं, दुसऱ्या दिवशी भावाकरवी पैसे जमा.

पेडण्याची_एक
काल रात्री ट्रंक उपसली. खोलीचा करारनामा मिळाला, त्यावर दोघांची नावं आहेत. आणि बाळंतपणाच्या वेळचा हॉस्पिटलचा फॉर्म. ‘रुग्णाशी नातं’ या ओळीवर त्याने स्वतःच्या हाताने ‘नवरा’ लिहून खाली सही केलीय.

जन्मदाखल्याचं अडेल का? शुक्रवारी दुकानातून सुट्टी मागितली आहे. मुलीला सोबत आणू की आईकडे ठेवू?

जुना_शिरस्तेदार
दाखला रिकामा आहे म्हणून अर्ज अडत नाही. तो फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि आधी तीन झेरॉक्स काढ. मूळ कागद कोणालाच देऊ नकोस, वकिलालाही पोच घेतल्याशिवाय नाही.

डिचोलीची_आई
पोरीला आईकडेच ठेव गे. बाकावर तीन तास जातात, कधी जास्तच. आणि घरून डबा ने.