कॅसेटचा वेग आधी तपासा
‘अधिकृत डीव्हीडी असताना प्रेक्षकांतून केलेलं रेकॉर्डिंग कशाला जपायचं?’ हे काहींचं म्हणणं ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मृती-मैफलीबाबत (वेम्ब्ली स्टेडियम, लंडन, २० एप्रिल १९९२) मला मुळीच पटत नाही. ‘लेड झेपेलिन’ बँडचा गायक रॉबर्ट प्लांट याने तिथे क्वीनचं ‘इन्युएन्डो’ हे गाणं गायलं होतं आणि त्याच्याच विनंतीवरून ते डीव्हीडीतून वगळलं गेलं. शिवाय पाचगणीत शिकलेल्या आपल्या फ्रेडीसाठी अख्खं स्टेडियम गात होतं, तो गर्दीच्या मधोमध बसलेल्या माणसाला आलेला आवाज डीव्हीडीत कसा मिळणार?

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. माझ्याकडची अशा रेकॉर्डिंगची कॅसेट ही कॉपीची कॉपी आहे, आणि कित्येक वर्षं मला वाटायचं की सगळेच जरा वरच्या पट्टीत गातायत. खरं तर टेप वेगाने चालत होती! वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. डीव्हीडीतलं तेच गाणं शेजारी लावून वेग जुळवला तेव्हा कुठे आवाज ओळखीचे वाटले. डिजिटल करताना आधी एवढं करा, आणि खरखर काढायच्या नादात टाळ्या पुसू नका. मूळ फाइल तशीच वेगळी ठेवा.