जमिनीतून घरात शिरणारी विषारी बाष्पे: मर्यादा नेमकी कुठे मोजावी?

साकव:
धातूच्या भागांवरचे ग्रीस द्रावकाने धुऊन काढणाऱ्या एका जुन्या कारखान्याची जागा निवासी वापरासाठी खुली करायची आहे. त्यासाठी घालावयाच्या अटींचा मसुदा करणाऱ्या गटात मी आहे. तिथल्या भूजलात ट्रायक्लोरोएथिलीन हे अशा धुलाईसाठी वापरले जाणारे, चटकन उडून जाणारे क्लोरीनयुक्त द्रावक सापडले आहे, पण ते अमेरिकेतील पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या, किंचित खाली आहे. ते पाणी कोणी पिणारही नाही, तेव्हा प्रश्न मिटला, असे काही सदस्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, परंतु माझे म्हणणे मला नेमकेपणाने मांडता येत नाही. बाष्पांसाठीची मर्यादा भूजलात मोजावी, तळफरशीखाली मोजावी की खोलीतील हवेत?

भूजलवेध:
आपली शंका रास्त आहे आणि ती साध्या हिशेबाने दाखवता येते. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास ट्रायक्लोरोएथिलीनचे पाण्यालगतच्या हवेतील प्रमाण पाण्यातील प्रमाणाच्या सुमारे ०.४ पट असते. म्हणजे लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम असलेल्या भूजलावरच्या मातीतील हवेत घनमीटरमागे सुमारे २,००० मायक्रोग्रॅम बाष्प असू शकते. त्याचा एक हजारांश भाग घरात पोचतो, असे अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत प्राथमिक चाळणीसाठी धरले आहे. तसे धरले तर खोलीतील प्रमाण २ मायक्रोग्रॅमवर येते, आणि दीर्घकाळ श्वासावाटे जाणाऱ्या मात्रेसाठी त्याच संस्थेने २०११ मध्ये दिलेले संदर्भमूल्यही (आयुष्यभर श्वासात गेले तरी अपाय होण्याची शक्यता नाही असे मानलेले प्रमाण) घनमीटरमागे २ मायक्रोग्रॅम एवढेच आहे. पिण्यास चालेल असे ठरलेले पाणी श्वासाच्या हिशेबात असे काठावर येऊन ठेपते. दहा लाखांत एकाला कर्करोग हा अधिक कडक निकष लावला, तर ते काठाच्या पलीकडेच जाते.

हा एक हजारांश भाग मुद्दाम सावधपणे धरलेला आहे, बहुतेक घरांत तो त्याहून कमी निघतो, हे आपल्या सदस्यांना प्रामाणिकपणे सांगावे. मात्र भूजलाचा आकडा एकटा पुरेसा नसतो, याचे कारण वेगळे आहे. द्रावक कित्येकदा भूजलापर्यंत पोचण्याआधीच वरच्या कोरड्या मातीत अडकून राहते, आणि विहिरीच्या नमुन्यात त्याचा मागमूसही लागत नाही. म्हणून तळफरशीला भोक पाडून खालच्या हवेचा नमुना घेणे मी अनिवार्य करीन. तिथल्या प्रमाणाच्या ३ टक्क्यांपर्यंत बाष्प खोलीत येऊ शकते, असे त्याच मार्गदर्शिकेत धरतात.

समई:
मग थेट खोलीतली हवाच का मोजू नये, असा प्रश्न आपल्या गटात निघेल. मोजावीच, पण तेवढ्यावर विसंबू नये. चोवीस तासांत निर्वात पोलादी डब्यात भरून घेतलेला नमुना त्या एका दिवसापुरते सांगतो. घर आतून उबदार आणि बाहेर थंडी असेल, तर उबदार हवा वर चढून निघून जाते आणि तिच्या जागी फरशीच्या भेगांतून जमिनीतील हवा ओढली जाते, त्यामुळे त्याच खोलीतले प्रमाण ऋतूनुसार कितीतरी बदलते. शिवाय घरातील डाग काढण्याची द्रव्ये आणि गोंद यांतूनही हीच संयुगे येऊ शकतात. फरशीखालचा, खोलीतला आणि बाहेरच्या हवेचा नमुना एकाच वेळी घेतला तरच बाष्प कोठून येते, हे खात्रीने सांगता येते.

आणखी एक गोष्ट मसुद्यात स्पष्ट लिहून ठेवा. कामगारांसाठीच्या मर्यादा इथे लागू करू देऊ नका. अमेरिकेतील कामगार सुरक्षा प्रशासनाची (ओशा) कामाच्या ठिकाणची ट्रायक्लोरोएथिलीनची मर्यादा १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग), म्हणजे घनमीटरमागे ५ लाख मायक्रोग्रॅमहून अधिक आहे. ती घरात राहणाऱ्या गरोदर स्त्रीसाठी आणि बाळासाठी आखलेलीच नाही. वरचे २ मायक्रोग्रॅमचे मूल्य ठरवताना गर्भाच्या हृदयातील दोषांचाही आधार घेतला होता. गरोदरपण वर्षभराचे नसते, त्यामुळे वार्षिक सरासरी पाहू, असे म्हणत थांबणे मला घातक वाटते.

ओंजळ:
पेट्रोलची बाष्पे मात्र याच नियमात घालू नयेत. मातीत प्राणवायू असेल तर सूक्ष्मजीव ती थोड्याच अंतरात खाऊन संपवतात. क्लोरीनयुक्त द्रावके तशी सहज विघटित होत नाहीत, म्हणून दोन्हींसाठी सुरक्षित अंतरे वेगळी ठेवावी लागतात. सांडपाण्याच्या वाहिन्याही तपासाव्यात, कारण अंतराचे सगळे नियम पाळूनही बाष्प वाहिनीतून दूरच्या इमारतीत निघाल्याची उदाहरणे आहेत.

साकव:
मनापासून आभार. आता शेवटचा प्रश्न असा की, विकासक फरशीखाली शोषण-नळ्या आणि पंखा बसवायला तयार आहे. तेवढ्यावर परवानगी द्यावी का?

भूजलवेध:
उपाय योग्य आहे. जमिनीतून नैसर्गिकरीत्या येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूसाठी ही पद्धत खूप आधीपासून वापरात आहे. फरशीखालचा दाब खोलीतल्यापेक्षा थोडा कमी ठेवला, की हवेचा ओघ उलटतो आणि बाष्प छतावरून बाहेर जाते. मात्र जमिनीतील द्रावक तसेच राहते आणि पंखा बंद पडला की संरक्षण संपते, हे विसरू नका.

ताबा देण्यापूर्वी फरशीच्या चारही कोपऱ्यांत दाबातील फरक मोजून दाखवणे, पंखा थांबल्यास रहिवाशांना कळेल असा इशारा बसवणे, दरवर्षी तपासणी करणे आणि तिच्या खर्चाची हमी विकासकाकडून आधीच घेऊन ठेवणे, एवढे परवानगीत लिहून घ्या. ही अट मालकीच्या कागदपत्रांवरही नोंदवा, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला आपल्या फरशीखाली काय आहे, हे घर घेण्यापूर्वीच कळेल.