पाचट कुट्टी करताना ट्रॅक्टरला आग लागू नये म्हणून रोज काय बघायचं?

खोडवा_वाळवा:
राम राम मंडळी. उसाचा फड तुटून गेलाय, पाचट (उसाचा वाळका पाला) कडकडीत वाळलंय. ५० एचपी ट्रॅक्टरला कुट्टी मशीन लावलंय. दुपारी वारं सुटलं की सायलेन्सरपाशी पाला साचतो, करपल्याचा वास येतो. रोज नेमकं काय तपासू? आग विझवायचा सिलिंडर कुठला घेऊ?

पलूस_ऊसकरी:
दादा, वास आला म्हणजे पाला मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर सायलेन्सरकडं नेणारा तापट भाग) टेकलाय. लोडवर मॅनिफोल्ड ४०० अंशांच्या पुढं तापतो, पाचट त्याच्या बरंच आधी धुमसतं. दर दोन तासांनी मोकळ्या रानात इंजिन बंद करून बॉनेट उघडा. मॅनिफोल्ड, टर्बो, सायलेन्सरची मान, बॅटरीचा ट्रे आणि रेडिएटरची जाळी साफ करा. धुमसता पाला दिसला तर ब्लोअर मारू नका, हवेनं तो भडकतो. सळईनं खाली ओढून मातीत विझवा. तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणीही नको, बीड (ओतीव लोखंड) तडकतं. कुट्टीच्या रोटरच्या टोकांना गुंडाळलेलं पाचटही काढा, त्यानं बेअरिंग तापतं.

डिझेलचा ओव्हरफ्लो पाईप रोज सकाळी बोटानं चाचपा. बॅन्जो बोल्ट (डिझेलचा पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) पाझरत असेल तर नुसता आवळू नका, तांब्याचे वायसर नवे टाका.

ऑटोवायरिंग_कराड:
वायरिंगकडं दुर्लक्ष नको. जादा लाईट थेट बॅटरीवरून घेतलेत का? ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टला ९ अँपिअरच्या वर ओढतात. रिले (दिव्यांचा जादा करंट सांभाळणारा विजेवरचा स्विच), २.५ एमएम वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज लावा, तोही बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. पुढं लावला तर मधली वायर उघडीच राहते. सेल्फच्या (स्टार्टरच्या) जाड केबलला बहुतेक ट्रॅक्टरवर फ्यूजच नसतो. ती चॅसीला घासून सोलली की लालभडक होते. म्हणून रबर घालून क्लॅम्प करा. बॅटरी तोडणारा कट-ऑफ स्विच बसवाच.

खोडवा_वाळवा:
आणि सिलिंडर?

पलूस_ऊसकरी:
आयएसआय मार्कचा ४ किलोचा एबीसी पावडर (पाला-लाकूड, तेल-डिझेल आणि वायूच्या आगीवर चालणारा). खाली उभं राहून हात पोचेल असा मडगार्डवर बसवा, सीटखाली नको. काटा हिरव्यात आहे का ते रोज बघा. हादऱ्यानं पावडर तळाला घट्ट बसते, महिन्यातून एकदा उलटासुलटा करा. आग लागली तर आधी इंजिन बंद. बॉनेट पूर्ण उघडू नका, फटीतून ज्वाळेच्या बुडाशी मारा. दहा-पंधरा सेकंदांत तो रिकामा होतो. पावडरनं पाचट गार होत नाही, म्हणून बांधावर पाण्याचं बॅरल आणि फवारणी पंप भरून ठेवा. डिझेल पेटलं असेल तर मात्र पाणी मारायचं नाही.

काम संपल्यावर ट्रॅक्टर अर्धा तास मोकळ्या जागी थंड होऊ द्या, लगेच कडब्याच्या गंजीशेजारी लावू नका.