मदत हवी आहे: सातव्या महिन्यात ब्रेकचा हिसका बसला आणि सीट बेल्ट पोटावर आवळला

नमस्कार. माझे हे पहिलेच बाळंतपण असून सत्ताविसावा आठवडा सुरू आहे. काल रविवारी साताऱ्याला सासरी डोहाळजेवण झाले आणि संध्याकाळी आम्ही सासूबाईंना बरोबर घेऊन पुण्याला परत निघालो. मी पुढे बसले होते. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर उतारावर पुढच्या ट्रकने एकाएकी वेग कमी केला, यजमानांना जोरात ब्रेक दाबावा लागला आणि माझा पट्टा जागच्या जागी आवळला गेला. गाडी कशालाही धडकली नाही, एअरबॅगही उघडली नाही. पुढे सेवा रस्त्यावर रंग उडालेला एक गतिरोधक अंधारात दिसला नाही आणि तिथेही गाडी चांगलीच आदळली.

माझी चूक आधीच कबूल करते. अंगावर काठपदराची साडी होती. निऱ्यांच्या फुगवट्यामुळे कमरेचा पट्टा मांड्यांवर टिकत नव्हता. तो सरकत सरकत बेंबीच्या जरासा खाली आला होता आणि नेमका तिथेच आवळला. रात्री डाव्या बाजूला ओढ लागल्यासारखे वाटत होते, ते आता कमी आहे. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलेले नाही. बाळाची हालचाल जाणवते, पण ती नेहमीएवढी आहे की कमी, हे खात्रीने सांगता येत नाही, कारण कालपासून मी मोजतच बसले आहे आणि मोजायला लागले की कमीच वाटते.

सासूबाईंचे म्हणणे असे, की पट्टा लावलाच नसता तर तो पोटावर आवळलाही नसता; त्या स्वतः नवव्या महिन्यात एसटीने माहेरी गेल्या होत्या. हे त्या काळजीपोटी बोलतात, त्यामुळे उलट उत्तर द्यावेसे वाटत नाही, पण पटतही नाही. माझी पुढची तपासणी गुरुवारी आहे. तोवर थांबावे, की आजच जावे? आणि यापुढे पट्टा लावावा, की मागच्या सीटवर पट्ट्याविना बसावे?

प्रतिसाद १

मी बरीच वर्षे प्रसूती विभागात परिचारिका होते. गुरुवारची वाट पाहू नका, आजच जा. गतिरोधकाच्या दणक्याची मला फारशी चिंता वाटत नाही, कारण बाळाभोवती गर्भजल असते आणि असा धक्का ते बराचसा पचवते. पट्टा पोटावर आवळला, ही गोष्ट मात्र वेगळी आहे. गर्भपिशवी लवचीक असते, तिला आतून चिकटलेली वार (प्लासेंटा) तशी नसते. त्यामुळे पोटावर एकदम दाब आला तर वार पिशवीपासून काही भागात सुटू शकते. असे क्वचितच घडते, पण बाहेरून खरचटल्याची खूणही नसताना घडू शकते आणि रक्त आतच साठले तर अंगावरून जातही नाही. म्हणून अशा वेळी डॉक्टर नुसती सोनोग्राफी करून घरी पाठवत नाहीत, तर बाळाचे ठोके आणि पोटातल्या कळा निदान चार तास यंत्रावर पाहतात. वाटेत पोट दगडासारखे कडक झाले, कळा येऊ लागल्या, रक्त किंवा पाणी गेले, तर जवळ असेल त्या रुग्णालयात शिरा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. तुमचा रक्तगट कोणता?

पट्टा सोडण्याचा विचार मनात आणू नका. मागच्या सीटवरही नाही. तिथेही पट्टा बंधनकारक आहे आणि पट्ट्याविना बसलेली व्यक्ती धडकेत पुढच्या सीटवर जाऊन आदळते. कमरेचा पट्टा पोटाच्या खाली, ओटीपोटाच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे आणि खांद्याचा पट्टा दोन स्तनांमधून पोटाच्या कडेने गेला पाहिजे. तो काखेखालून किंवा पाठीमागून घेऊ नये. एअरबॅग बंद करू नका. सीट मागे सरकवून बसा. स्वतः गाडी चालवत असाल तर छाती आणि स्टिअरिंग यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर हवे.

प्रतिसाद २

साडीबाबत अनुभवाचे सांगते. प्रवासात सलवार-कुडता घालावा आणि समारंभाच्या ठिकाणी पोहोचून साडी नेसावी. जाड जॅकेट घातले तरी पट्टा असाच वर सरकतो.

मूळ प्रश्नकर्ती

काल दुपारीच गेले होते. सहा तास ठेवून घेतले, ठोके व्यवस्थित आहेत आणि कळा नाहीत. रक्तगटाचा प्रश्न विचारल्याबद्दल विशेष आभार, कारण माझा ओ निगेटिव्ह आणि यजमानांचा बी पॉझिटिव्ह आहे. बाळाचे थोडे रक्त माझ्या रक्तात मिसळले असल्यास पुढे त्रास होऊ नये म्हणून अँटी-डीचे इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचे असते. ते कालच दिले. गुरुवारपर्यंत थांबले असते तर ती मुदत टळून गेली असती. सासूबाई माझ्याबरोबरच होत्या. पट्टा नेमका कुठून घ्यायचा, हे त्यांनी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतले, आणि येताना गाडीत बसल्यावर तो स्वतःच्या हाताने पोटाखाली सारून दिला.